पहिला स्टिरिओ, पंधरा हजारांतला : नऊ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला घेतला. डोंबिवलीतला वन बीएचके, हॉल १० बाय १४, बजेट १५,००० रुपये. त्याआधी आमच्याकडे गाणं वाजायचं ते लहानपणी टू-इन-वनवर आणि नंतर थेट मोबाइलवर. मधलं सगळं युग हुकलं.

‘टीव्हीखाली साउंडबार ठेव, सुटलास,’ असं जो तो सांगत होता. साउंडबार म्हणजे एकाच लांब पट्टीत बसवलेले स्पीकर. पण मी ऐकतो ते मुख्यतः शास्त्रीय गाणं आणि भावगीतं, सिनेमे कमीच. त्यामुळे एकमेकांपासून लांब ठेवता येतील असे दोन स्पीकर हवे होते. ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारं यंत्र, वेगळा घेतला असता तर स्पीकरच्या बाबतीत हात आखडावा लागला असता, म्हणून ॲम्प्लिफायर आतच असलेले बुकशेल्फ स्पीकर घेतले : खर्जासाठी ४ इंची वूफर, वर बारीक स्वरांसाठी कापडी घुमटाचा छोटा ट्वीटर, दोन्ही स्पीकर मिळून ४२ वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद), ११,८०० रुपये. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने शेजारचा सबवूफरवाला (नुसत्या खर्जासाठी वेगळा डबा असलेला) सेट दाखवून ‘साहेब, यात डबल वॅट आहेत’ असं सांगून पाहिलं. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे जरासाच. शिवाय पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीच्या, नावाखाली टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॅट छापलेले मी पाहिलेत. नऊ महिन्यांत माझा नॉब अर्ध्यापुढे गेलेला नाही.

खोकी ग्रँट रोडहून दादरला गाडी बदलून लगेजच्या डब्यातून आणली. घरी लावले आणि पहिले दोन आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. गाणाऱ्याचा आवाज नेमका कुठून येतोय तेच कळेना आणि डग्गा तर पिंपात वाजतोय असं वाटे.

पहिली चूक माझीच होती. उजव्या स्पीकरकडून डाव्याकडे जी दोन पदरी वायर जाते, तिची लाल-काळी टोकं एका बाजूला उलटी खोचली होती. मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज एकमेकांत जिरून जातो. हे तपासायला एक फुकटचा उपाय आहे. कुमार गंधर्वांचं किंवा कुणाचंही जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावायचं. दोन्ही स्पीकरना तोच आवाज जातो, त्यामुळे गाणारा बरोबर मधोमध, जिथे काहीच नाही तिथे बसलेला वाटला पाहिजे. तसा वाटला नाही तर आधी वायर बघा, मग दुकानदाराशी भांडा.

दुसरी चूक शो-केसची. टीव्हीच्या दोन्ही बाजूंचे कप्पे जणू स्पीकरसाठीच केलेत असं वाटतं, पण या स्पीकरना हवेचं भोक मागे आहे. कप्प्यात कोंबले की तो कप्पाच घुमायला लागतो. बाहेर काढायचे म्हटल्यावर ‘हॉलमध्ये दोन खांब उभे करणार का?’ हा प्रश्न आलाच. तो सुटायला दिवाळी उजाडली. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून २८ इंची लोखंडी स्टँडची जोडी करून घेतली, १,६०० रुपये. पाइपमध्ये वाळू भरली आणि तळाला जुन्या हवाई चपलांचे तुकडे चिकटवले, खालच्या मजल्यावरच्या काकांना धडधड जाऊ नये म्हणून. आता स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आहेत, मध्ये ६ फूट अंतर आहे आणि दिवाणावर बसलं की ट्वीटर कानाच्या रेषेत येतो. स्पीकर तेच, पण तंबोरा गाण्यामागे वेगळा ऐकू यायला लागला. ताल चालू असताना तबलजी मध्येच हळूच काहीतरी बोलतो, तेही पहिल्यांदा ऐकलं.

मग गुणगुण. सेट-टॉप बॉक्स जोडला की स्पीकरमधून पंख्यासारखा बारीक आवाज यायचा. वायरमन अर्थिंग तपासून गेला, ते ठीक होतं. एकदा बॉक्सची केबलवाल्याची वायर उपटली आणि आवाज बंद! मग टीव्हीपासून स्पीकरपर्यंत ३५० रुपयांची ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून नुसता प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे गुणगुण पुढे सरकतच नाही. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (म्हणजे साध्या, न आवळलेल्या आवाजावर) ठेवा, नाहीतर माझ्यासारखे अर्धा तास मुक्या स्पीकरकडे बघत बसाल.

आता तक्रारी. ब्लूटूथला पासवर्ड नाही. भीमसेनजींचा आलाप चालू असताना माझा फोन आला की गाणं बंद पडायचं. आणि मी जरा बाहेर गेलो की चिरंजीवांचा फोन जोडला जाऊन व्हॉट्सॲपवरचे विनोद हॉलभर. त्यावर उपाय म्हणून सिम नसलेला जुना फोन गाण्यासाठीच ठेवलाय, ऑक्स वायरने, म्हणजे हेडफोनच्या भोकात जाणाऱ्या वायरने, जोडून. जूनमध्ये पाऊस लागल्यावर डावी बाजू खरखरायला लागली. ऑक्सची पिन काढून, पुसून, दोनदा फिरवून बसवली की आठवडाभर बरी असते. आणि सिनेमातला स्फोट तुमच्या छातीत जाणवणार नाही. ४ इंची वूफरकडून ती अपेक्षाच चूक. तुमच्या घरी रोज सिनेमाच बघत असतील, तर सबवूफरवाला सेट घ्या.

१,२५० रुपये उरले होते. त्यातून काय घ्यायचं, ते अजून ठरलेलं नाही. घरातलं मत स्टँडवर घालायला कव्हर शिवून घ्यावीत असं आहे.