घर मुलांच्या नावावर करायचंय: बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोड की सरळ खरेदीखत?

घर किंवा जमीन घरातल्याच कुणाच्या नावावर करायची म्हटलं की सगळे आधी स्टॅम्प ड्युटी किती ते विचारतात, पण खरा इन्कम टॅक्स बहुतेक वेळा नावावर करताना लागतच नाही, तो लागतो पुढे कधीतरी ती प्रॉपर्टी विकायला काढल्यावर. इस्टेट ड्युटी (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागायचा तो कर) १९८५ मध्ये गेली, जुना गिफ्ट टॅक्सही १९९८ मध्ये बंद झाला, त्यामुळे वडिलांनी मुलीला फ्लॅट बक्षीस दिला काय किंवा मृत्युपत्रात लिहून ठेवला काय, त्या क्षणी दोघांनाही इन्कम टॅक्स शून्य.

आणि नंतरचं गणितही दोन्हीकडे सारखंच. समजा वडिलांनी २००५ मध्ये ५ लाखांना प्लॉट घेतला, मुलीला दिला, आणि तिने तो आता ६० लाखांना विकला. तिला फुकट मिळालाय म्हणून खरेदी किंमत शून्य धरत नाहीत, आणि दिला त्या दिवशीचा रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) भावही धरत नाहीत (हा गैरसमज फार आहे), वडिलांचे ते ५ लाखच धरतात आणि मुदतही २००५ पासूनच मोजतात. म्हणजे नफा ५५ लाख, लाँग टर्म (बरीच वर्षं ठेवलेली) म्हणून १२.५ टक्के, उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्याने १० टक्के सरचार्ज आणि त्यावर ४ टक्के सेस धरून साधारण ७ लाख ८६ हजार. प्रॉपर्टी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभाव किंमत घेता येते, त्याने बराच फरक पडतो, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट मात्र काढून ठेवा. वडिलांचं मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) जपून ठेवायचं ते याचसाठी.

मग टॅक्स सारखाच तर फरक कुठे? एक तर स्टॅम्प ड्युटीत. महाराष्ट्रात निवासी घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये, स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. भाऊ-बहिणीला द्यायचं तर ३ टक्के. मृत्युपत्राला स्टॅम्पच लागत नाही, आणि नोंदणीही सक्तीची नाही (तरी करावी असं माझं मत, पुढची भांडणं कमी होतात).

दुसरा फरक बायको आणि सुनेचा. बायकोला फ्लॅट बक्षीस दिला आणि तो भाड्याने गेला तर भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, त्याला क्लबिंग म्हणतात, सुनेच्या बाबतीतही तेच, आणि लहान मुलाच्या नावावर करूनही सुटका नाही. सज्ञान मुला-मुलीला हे लागू नाही. बायकोला किंवा सुनेला मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेला क्लबिंग नाहीच, देणारा राहिलेला नसतो. त्यामुळे टॅक्स वाचवायला बायकोच्या नावावर करतो म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

तिसरा फरक नात्याचा, आणि इथे कायदा थोडा गमतीशीर आहे. काकाने पुतण्याला फ्लॅट दिला तर पुतण्याला टॅक्स नाही, पण पुतण्याने काकाला दिला तर काकाला आहे, कारण घेणाऱ्याच्या बाजूने बघतात, आई-वडिलांचे भाऊ-बहीण नातेवाईक धरलेत पण भावाबहिणीची मुलं धरलेली नाहीत. चुलतभाऊ, मावसबहीण कुठूनच यादीत नाहीत. यादीबाहेरच्या माणसाला ५० हजारांच्या वर किमतीची प्रॉपर्टी फुकट मिळाली तर पूर्ण स्टॅम्प व्हॅल्यू (रेडी रेकनरची किंमत) त्याचं उत्पन्न धरून त्याच्या स्लॅबने टॅक्स. मृत्युपत्राने मिळालं तर मात्र नातं कुणी विचारत नाही, चुलतभाऊ सोडा, मित्राला ठेवलं तरी चालतं. म्हणजे अशा माणसाला द्यायचं असेल तर मृत्युपत्र सरळ सरळ जिंकतं.

खरेदीखत घरातल्या घरात मला सगळ्यात महाग वाटतं. शहरानुसार ५ ते ७ टक्के स्टॅम्प, विकणाऱ्याला कॅपिटल गेन (विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स), आणि आपल्याच माणसाला कमी भावात देतो म्हणून किंमत कमी लिहिली तरी रेडी रेकनरचा भाव त्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर टॅक्स रेडी रेकनरवरच लागतो. ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएससुद्धा (पैसे देतानाच कापून भरायचा टॅक्स) कापायचा, विकणारा सख्खा भाऊ असला तरी. पैसे खरंच द्यायचे-घ्यायचे असतील तरच हा रस्ता.

हक्कसोडपत्र वेगळ्याच कामाचं, वडील गेल्यावर बहिणीने किंवा भावाने वारसाने आलेला हिस्सा सोडायचा असेल तर. मोबदला न घेता सोडला तर टॅक्सचा प्रश्न येत नाही, पण बदल्यात २० लाख घेतले तर ते घेणाऱ्याला कॅपिटल गेन बघावा लागतो, आणि ते पैसे रोख घेऊन कागदावर लिहायचेच नाहीत हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

राहतं घर असेल आणि आई-वडील त्यातच राहत असतील तर माझा कल मृत्युपत्राकडे. एकदा नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द होत नाही, मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ न केल्यास बक्षीस रद्द करून मागता येतं, पण तशी अट बक्षीसपत्रातच लिहून घेतलेली बरी, नाहीतर ट्रायब्युनलपुढे ती सिद्ध करत बसावं लागतं. भावंडांत आत्तापासूनच कुरबुर असेल, किंवा दुसरा फ्लॅट मुलीला हयातीतच देऊन मोकळं व्हायचं असेल, तर मात्र २०० रुपयांचं बक्षीसपत्र उत्तम, भाडंही पुढे तिच्याच उत्पन्नात जातं. त्या फ्लॅटवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी घ्या, मगच सब रजिस्ट्रारची वेळ ठरवा.