एक्क्यांची जोडी आणि सेफियसचा सल्ला

लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे प्रत्येक बेट (लावायची रक्कम) ठरावीक असलेल्या पोकरमध्ये, जोरदार पत्ते आल्यावर रेझ करीत (बेट वाढवीत) राहावे की गप्प बसावे, या जुन्या वादात ज्यांना आकड्यांची साक्ष हवी आहे, त्यांनी कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचा ‘सेफियस’ हा प्रोग्रॅम अवश्य अभ्यासावा. दोघांत खेळल्या जाणाऱ्या लिमिट होल्डेमचे कोडे व्यवहारतः सुटल्याचे त्याच्या निर्मात्यांनी जानेवारी 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले. त्या गणितासाठी 4,800 प्रोसेसर 68 दिवस राबत होते. संकेतस्थळावर त्याच्याशी खेळण्याची सोय केली गेली, तशीच कोणत्या पत्त्यांवर तो काय करील हे विचारण्याचीही. माझ्या मते दुसरी सोय अधिक मोलाची, कारण खेळताना तो काही शिकवत नाही, नुसता हरवतो.

एक्क्यांची जोडीच घ्या. पत्ते वाटणारा म्हणून तुम्ही रेझ केला, समोरच्याने त्यावर पुन्हा रेझ केला आणि आता ‘कॅप’चा, म्हणजे फेरीतला शेवटचा, रेझ तेवढा उरला आहे. पुष्कळ चांगले खेळाडूही येथे डोळे झाकून कॅप करतील. सेफियस मात्र जवळजवळ नेहमीच नुसता कॉल करतो, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम लावतो: एक्क्यांवर कॅप करण्याचे त्याचे प्रमाण 0.01 टक्क्याहूनही कमी आहे, आणि त्यातल्या त्यात जास्त कॅप तो करतो दुर्रीच्या जोडीवर, तेही अवघे 0.06 टक्के! याचा अर्थ तो भित्रा आहे असा नव्हे. पहिल्याच चालीला रेझ न करता लिंप करणे, म्हणजे किमान रक्कम लावून नुसते खेळात राहणे, त्याला जवळपास नामंजूर आहे.

असे का, हे तो सांगत नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. मला दिसते ते असे, की कॅपमुळे एक लहान बेट जास्त मिळते, पण समोरचा सावध होतो; टर्नपासून, म्हणजे चौथे सामाईक पान उघडल्यापासून, बेट दुप्पट होते आणि पहिल्या फेरीनंतरच्या प्रत्येक फेरीत शेवटी बोलण्याचा फायदा वाटणाऱ्याकडेच असतो, तेव्हा तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

नऊ जणांच्या टेबलावर मात्र हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. सेफियसचे गणित दोघांपुरतेच आहे, शिवाय ते कच्च्या खेळाडूच्या चुकांचा फायदा उठवण्यासाठी मांडलेलेच नाही. जेथे चौघे-पाचजण काहीही पत्ते घेऊन कॉल करीत बसतात, तेथे एक्के लपवण्यापेक्षा प्रत्येकाकडून आणखी एक बेट वसूल करणे केव्हाही किफायतशीर.