मॅजिक : चिपच्या आराखड्याची रंगभाषा

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकात घडवलेल्या ‘मॅजिक’ या चिपचा आराखडा रेखाटण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरचे खरे बळ त्याच्या रंगसंकेतांत आहे, असे माझे ठाम मत आहे. चिप-रचनेतील अग्रणी कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी रूढ केलेली परंपरा येथे जपली आहे : पॉलिसिलिकॉन (ट्रान्झिस्टरचे नियंत्रण करणारा सिलिकॉनचा थर) लाल, एन-डिफ्यूजन (प्रवाह वाहून नेणारा, अशुद्धी मिसळलेला सिलिकॉनचा भाग) हिरवे, धातूचा पहिला थर निळा. हिरव्या पट्टीवरून लाल पट्टी आडवी ओढली, की छेदाच्या जागी रेघांची नक्षी उमटते आणि ट्रान्झिस्टर आपोआप तयार होतो. तो वेगळा काढावा लागत नाही. निळी पट्टी मात्र दोन्हींवरून काहीही न घडवता निघून जाते, कारण मधे विद्युतरोधक ऑक्साइडचा थर असतो, आणि जोडणी हवी असेल तेथे फुलीने दाखवला जाणारा संपर्क रंगवावाच लागतो. दोन पट्ट्यांमधील अंतर नियमापेक्षा कमी झाले, की चूक दाखवणारे पांढरे ठिपके दिसू लागतात आणि पट्टी सरकवताच नाहीसे होतात. नवशिक्याला ही सोय फार मोलाची वाटते. लाल-हिरव्यातील फरक ज्यांना जाणवत नाही, त्यांची मात्र या परंपरेत कुचंबणा होते. रंगांची फाइल बदलता येते, तरी प्रत्येक थराला ठळक, वेगळी नक्षी मुळातच असायला हवी होती.