जाकिटावरून घरंगळलेले पाणी : पावसाळी कपड्यांच्या खरेदीत झालेली फसवणूक

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्यातील एका दुकानातून पावसाळी जाकीट आणि थर्मल (आतून अंगालगत घालायचा उबदार कपडा) असे दोन जोड विकत घेतले, एक माझ्यासाठी आणि एक माझ्या १९ वर्षांच्या भाचीसाठी. त्यासाठी १२,४०० रुपये मोजले. ते पैसे बुडाले याचे वाईट वाटतेच. परंतु त्या कपड्यांवर विसंबून मी भाचीला भर पावसात हरिश्चंद्रगडावर नेले आणि तिथे तिच्या जिवावर बेतण्याची वेळ आली, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. दर पावसाळ्यात हजारो मुले-मुली अशीच खरेदी करून डोंगराकडे निघतात, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहितो.

खरेदीचे कारण हरिश्चंद्रगड नव्हते. ऑगस्टमध्ये मनालीहून निघून सुमारे ४,२७० मीटर उंचीची हामटा खिंड ओलांडायची, असा आमचा बेत होता. या वाटेवर कुलूच्या बाजूला पावसाळ्यात पाऊस लागतो, खिंडीत बोचरा वारा असतो आणि पलीकडे लाहौलचा कोरडा मुलूख सुरू होतो. अशा ठिकाणी कपडे थराथरांनी घालावे लागतात : अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. नामांकित कंपन्यांच्या जाकिटांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. त्यामुळे ‘एक्स्पोर्ट सरप्लसचा अस्सल माल निम्म्याहून कमी भावात मिळतो’ असे एका परिचितांनी सांगितले, तेव्हा आम्ही लगेच तिकडे गेलो.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खोली होती आणि बाहेर पाटी नव्हती. विक्रेता अत्यंत अदबीने बोलत होता. एका सुप्रसिद्ध परदेशी कंपनीचे चिन्ह छातीवर भरतकामात असलेले जाकीट त्याने पुढे केले. परदेशी पाठवायच्या मालातून केवळ रंगाच्या किरकोळ फरकामुळे हे बाजूला काढलेले आहे, याची बाजारातील किंमत १८,००० रुपये आहे आणि आपल्याला ते ४,८०० रुपयांना मिळेल, असे त्याने सांगितले. लटकवलेल्या कागदी पट्टीवर, कापड किती पाणी अडवते ते सांगणारा २०,००० मि.मी. असा आकडा छापलेला होता. त्यानंतर त्याने जे केले, त्यानेच आमचा निर्णय झाला. त्याने जाकिटाची बाही आडवी धरली, पाण्याची बाटली उघडली आणि बाहीवर धार सोडली. पाण्याचे टपोरे थेंब झाले आणि अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली ओघळून गेले. बाहीवर ओलाव्याचा डागही राहिला नाही. भाची आनंदाने म्हणाली, ‘‘मामा, हेच घेऊया.’’ मीही मान डोलावली. त्याच भरात ‘मेरिनो लोकरीचे’ म्हणून प्रत्येकी १,४०० रुपयांचे दोन थर्मल घेतले. पक्के बिल मागितले तेव्हा, बिल हवे असेल तर कर वेगळा भरावा लागेल, असे उत्तर मिळाले. मी आग्रह धरला नाही. पैसे यूपीआयने दिले. ते कोणत्याही दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात जमा झाले.

हिमालयात जाण्यापूर्वी कपड्यांची परीक्षा व्हावी म्हणून जुलैमध्ये आम्ही खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडाला निघालो. बरोबर गावातील साठी ओलांडलेले एक वाटाडे होते. त्यांच्या डोक्यावर काळ्या घोंगडीची खोळ होती. टोलार खिंडीपर्यंत पाऊस बेताचा होता आणि जाकिटे ठीक वाटली. खिंडीच्या वरचा कातळटप्पा चढताना जोरदार सर आली आणि ती पुढे थांबलीच नाही. अर्ध्या तासात माझे दोन्ही खांदे गार पडले. सॅकचे पट्टे जिथे दाबले जात होते, नेमके तिथूनच पाणी आत येत होते. नंतर काखेतून, मग पुढच्या चेनमधून पाणी उतरू लागले. आतील थर्मल भिजून जड झाले आणि पोटाशी चिकटले. गडाच्या माथ्यावरील उघड्या टेकड्यांवर वारा अंगावर आला, तेव्हा भाची आधी कुडकुडत होती. थोड्या वेळाने ती बोलेनाशी झाली. मी तिला पाणी दिले, तेव्हा तिला बाटलीचे झाकण उघडता येईना. बोटे वळत नव्हती, आणि मी काही विचारले तर ती अडखळत, अर्धवट उत्तर देत होती.

थंडीचा मागमूस नसलेल्या जुलैत, उण्यापुऱ्या १,४०० मीटर उंचीवर असे होऊ शकते, हे मला ठाऊक नव्हते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून नेते. अंगाला ओले कापड चिकटलेले असेल आणि त्यात वारा असेल, तर १० ते १५ अंश तापमानातही शरीराच्या आतले तापमान घसरू लागते, आणि ते ३५ अंशांच्या खाली गेले की जिवाला धोका असतो. वाटाड्यांना यातले आकडे ठाऊक नसतील, पण काय करायचे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते. देवळाजवळच्या झोपडीत शिरताच ते म्हणाले, ‘‘भाऊ, पोरीच्या अंगावरचं ओलं आधी काढा, चहाचं मागनं बघू.’’ झोपडीतल्या मावशींनी तिला आत नेऊन कोरडे लुगडे नेसवले, आणि वाटाड्यांनी स्वतःची घोंगडी झटकून तिच्याभोवती गुंडाळली. ती घोंगडी बाहेरून ओली होती. आत हात घातला तर उबदार लागली. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही ऊब सोडत नाही, हे मी पुढे वाचले. त्या दिवशी ते हाताला कळले. तासाभराने गोड चहाचे दोन पेले पोटात गेल्यावर भाची नीट बोलू लागली. तो तास मी विसरू शकत नाही.

घरी परतल्यावर मी दोन्ही जाकिटे उलटी करून दिव्याखाली तपासली. जे खरेदीपूर्वी दोन मिनिटांत करता आले असते, ते मी फसल्यानंतर करत होतो. शिवणीतील प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पाडलेले भोक असते. म्हणून खऱ्या जलरोधक जाकिटात आतून प्रत्येक शिवणीवर उष्णतेने चिकटवलेली पट्टी असते. आमच्या जाकिटांत अशी पट्टी फक्त गळ्याशी आणि खांद्यांच्या वरच्या शिवणीवर होती, म्हणजे जाकीट उघडून दाखवताना नजरेला पडेल तेवढ्याच भागावर. मुंढ्यावर, काखेत, बगलेच्या शिवणीवर आणि खिशांभोवती उघडे टाके होते. खांद्यावरची पट्टी नखाने उचलून पाहिली, तर ती सेलोटेपसारखी सहज निघाली. मग बाहीचे टोक बांधून ती पिशवीसारखी धरली, आत पाणी भरले आणि खाली वर्तमानपत्र पसरले. ५ मिनिटांच्या आत शिवणीच्या रेषेवर थेंबांची माळ उभी राहिली. कापड आणखी थोडा वेळ टिकले. पण तळहाताने दाबताच तेही पाझरू लागले.

तर मग दुकानात पाणी घरंगळले कसे? फसवणुकीचे सारे मर्म यातच आहे. बहुतेक पावसाळी कपड्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पाणी झटकून टाकणारा एक लेप दिलेला असतो. थेंब घरंगळतात ते त्या लेपामुळे. असा लेप साध्या छत्रीच्या कापडावरही असू शकतो आणि नव्या कोऱ्या मालावर तो उत्तमच चालतो. पाणी प्रत्यक्षात अडवणारी गोष्ट निराळी असते : कापडाच्या आतल्या अंगाला दिलेला पॉलियुरेथेनचा थर, किंवा कापडाला जोडलेला अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून असा सच्छिद्र पापुद्रा मिळवला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला आत शिरू देत नाहीत, परंतु घामाची वाफ त्यांतून बाहेर जाऊ शकते. मि.मी.चा आकडा या अडवण्याच्या शक्तीचा असतो. १०,००० मि.मी. म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी ते तोवर गळत नाही. सॅकच्या पट्ट्याखाली किंवा ओल्या दगडावर बसताना कापडावर दाब येतो आणि खरी परीक्षा तिथे होते. बाटलीतून वरवर सोडलेल्या धारेला मुळात दाबच नसतो. म्हणूनच आमच्यासमोर केलेला तो प्रयोग जाकिटाविषयी काहीही सांगत नव्हता. विक्रेत्याला हे पुरेपूर माहीत होते, असे माझे ठाम मत आहे. कारण पट्टी नेमकी दिसणाऱ्या शिवणींवरच लावली जाते, ती चुकून नव्हे.

थर्मलचीही तीच गत. शिवणीच्या आतून एक धागा ओढून काडीच्या ज्योतीवर धरला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरगळणारी काळी राख उरते. आमच्या धाग्याला जळक्या कागदाचा वास आला आणि टोकाला एक टणक मणी तयार झाला. म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांचे ते मिश्रण होते, लोकर नावालाही नव्हती. डोंगरात अंगालगत सूत असणे धोक्याचे, कारण ते पाणी धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. निव्वळ पॉलिएस्टरचा ३०० रुपयांचा खेळाचा टी-शर्ट त्यापेक्षा कितीतरी बरा ठरला असता.

मी दुकानात परत गेलो, तेव्हा विक्रेत्याची अदब संपली होती. ‘‘साहेब, तो पाऊस नाही, तुमचाच घाम आहे,’’ असे तो म्हणाला. हे उत्तर अनेकांना गप्प करत असणार, कारण त्यात अर्धे सत्य आहे : सह्याद्रीत जुलैमध्ये हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की अस्सल जाकिटातूनही घामाची वाफ फारशी बाहेर पडत नाही आणि आतून ओल जाणवते. परंतु घामाची ओल सर्वांगावर पसरलेली असते. ती शिवणीच्या रेषेत उतरत नाही. मी पाणी भरलेल्या बाहीची छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्याने ‘विकलेला माल परत घेतला जात नाही’ एवढेच सांगितले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. तिथे विक्रेत्याचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि बिल विचारले गेले, आणि यांपैकी माझ्याकडे काहीही नव्हते. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नसते. म्हणून कागद जमवू लागलो. यूपीआयची नोंद आणि कागदी पट्ट्या होत्या. मात्र गणपतीपर्यंत ती खोली बंद झाली आणि नोटीस कुणाला पाठवायची, हा प्रश्न तसाच राहिला. बंद वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात असल्यास मूळ देश छापणे कायद्याने आवश्यक आहे. आमच्या कागदी पट्टीवर यांतले एकही अक्षर नव्हते. माझे लक्ष केवळ २०,००० या आकड्याकडे होते.

हामटाचा बेत आम्ही रद्द केला. त्या खिंडीत, जवळ झोपडी नाही, चूल नाही, घोंगडी नाही अशा ठिकाणी हेच घडले असते तर काय, या विचाराने मला अनेक रात्री झोप लागली नाही. आता सह्याद्रीत आम्ही महागड्या पापुद्र्याच्या जाकिटाच्या वाटेला जात नाही. साधा रबरी लेपाचा, सैल आणि काखेत हवा खेळती ठेवणारा रेनकोट, आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट, आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला फ्लीस (ऊब धरणारा मऊ कपडा) व कोरड्या कपड्यांचा एक जोड एवढे आम्हाला पुरते. तो कोरडा जोड मुक्कामी पोहोचेपर्यंत उघडायचा नाही, हा नियम भाचीने स्वतः घालून घेतला आहे. चालताना अंग भिजले तरी चालते. थांबल्यावर कोरडे होता आले पाहिजे. हिमालयासाठी मात्र चांगले जाकीट लागतेच, आणि ते मी पक्के बिल देणाऱ्या दुकानातून, गरज पडल्यास भाड्याने घेईन.

या वर्षी मे महिन्यात एका प्रदर्शनात मला पुन्हा तोच प्रयोग दिसला. विक्रेता निराळा होता. बाटली तशीच, बाहीवरून घरंगळणारे थेंबही तसेच. समोर एक बाई आपल्या दोन मुलांसाठी जाकिटे निवडत होत्या. मी पुढे होऊन विक्रेत्याला विनंती केली, ‘‘जाकीट उलटे करून काखेतली शिवण या ताईंना दाखवा.’’ त्याने माझ्याकडे पाहिले, जाकिटाची घडी घातली आणि ते टेबलाखाली ठेवून दिले. त्या बाईंनी पर्स बंद केली आणि शिवणीवर नेमके काय पाहायचे असते, ते मला विचारले. आम्ही शेजारच्या बाकावर बसलो आणि मी माझ्या भाचीची हकीकत त्यांना पहिल्यापासून सांगितली.