दिल्लीच्या नेहरू तारांगणातली सोयूझची कुपी: आवर्जून बघा

दिल्लीला गेलेली आपली माणसं लाल किल्ला करतात, कुतुबमिनार करतात आणि तीन मूर्ती भवनाच्या आवारातलं नेहरू तारांगण राहून जातं. राहू देऊ नका. आत सोयूझ टी-१० या सोव्हिएत अंतराळयानाची कुपी, म्हणजे अंतराळवीर ज्यात बसून परततात तो भाग आहे, अस्सल, नक्कल नव्हे. राकेश शर्मा सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकावरून ११ एप्रिल १९८४ ला कझाकस्तानच्या माळावर उतरले ते हिच्यातूनच.

माझी सगळी नोकरी भोसरीला फौंड्रीत झाली, त्यामुळे नजर पहिल्यांदा गेली ती करपलेल्या बाहेरच्या अंगावर. आमच्याकडे माल करपला तर तो भंगारात जातो. इथलं आवरण करपण्यासाठीच बनवलंय. ते जळत, झिजत उष्णता घेऊन जातं आणि आतली माणसं सुखरूप राहतात. तळाची मोठी ढाल मात्र शोधत बसू नका. पॅराशूट उघडल्यावर ती हवेतच टाकून देतात, कारण तिच्याआड लहान रॉकेटं असतात आणि ती जमीन मीटरभरावर आली की पेटायची असतात.

कुपीची रुंदी सव्वादोन मीटरसुद्धा नाही. तेवढ्यात सोव्हिएत अंतराळवीर मालिशेव्ह, स्त्रेकालोव्ह आणि शर्मा, तिघं गुडघे पोटाशी घेऊन!

मुलं बरोबर असतील तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. शर्मा ३ एप्रिलला बैकोनूरच्या प्रक्षेपण तळावरून वर गेले ते टी-११ मधून, आले टी-१० मधून. सोयूझला कक्षेत राहायची ठरावीक मुदत असते. म्हणून शर्मा आणि त्यांचे दोघं सोबती, म्हणजे पाहुणे, फेब्रुवारीपासून स्थानकाला जोडलेलं जुनं यान घेऊन परतले आणि ताजं यान मुक्कामी असलेल्या किझिम, सोलोव्योव्ह, अत्कोव्ह यांच्यासाठी ठेवलं. यान बदललं तरी आसनाचं अस्तर ज्याचं त्यालाच लागतं, कारण ते एकेकाच्या पाठीचा प्लास्टरमध्ये ठसा घेऊन बनवतात. म्हणून ती अस्तरं इकडून तिकडे हलवायची. ओतकामात हयात घातलेल्या माणसाला हे ऐकून किती आनंद झाला म्हणून सांगू! मागे राहिलेले तिघं त्या टी-११ मधूनच २ ऑक्टोबरला उतरले, २३७ दिवस वर काढून.

शर्मांचा अंतराळवेशही तारांगणातच आहे, तोही बघा. तारांगणाचा खेळ बघायचा असेल तर अर्धा तास आधी पोचा, म्हणजे कुपीपाशी निवांत थांबता येईल.