जळगावच्या मसालेवाल्या काकू आणि माझं ड्रेस्डेनचं सेमिस्टर

हा रिव्ह्यू मी खूप आधीच लिहायला पाहिजे होता. आता परत विंटर सेमिस्टरला जाणाऱ्या पोरापोरींचे मेसेज सुरू झालेत की ताई सोबत काय काय नेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी अमळनेरची, २०२४ च्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत एका सेमिस्टरसाठी जर्मनीत ड्रेस्डेनला होते, आणि खायचं जवळपास सगळं सामान जुन्या जळगावातल्या एका काकूंकडून नेलं होतं. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. काळा मसाला, कळण्याचं पीठ (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं), बिबडे (ज्वारीचे पापड), शेव, शेंगदाण्याची चटणी, लोणची, एवढंच. पण बाहेरदेशी जाणाऱ्यांचं पॅकिंग त्या वेगळं करून देतात आणि मला त्या पॅकिंगबद्दलच सांगायचंय.

मी आणि आई गेलो तेव्हा आमच्याकडे ही मोठी लिस्ट होती. काकूंनी लिस्ट हातात घेतलीच नाही, आधी मला अहिराणीत विचारलं, "तठे गॅस शे का लाइटनी शेगडी?" मला माहितीच नव्हतं. मग तिथल्या तिथे होस्टेलच्या वेबसाइटवरचे फोटो उघडून दाखवले, काचेची इलेक्ट्रिक शेगडी आणि ओव्हन, किचन मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून एक. हे बघून त्यांनी अर्धी लिस्ट बदलली. भाकरी जाळावर फुगवता येणार नाही म्हणून ज्वारीचं पीठ कमी केलं आणि कळण्याचं वाढवलं, म्हणाल्या भाकरी जमली नाही तर यातच कांदा-मिरची घालून थालीपीठासारखं थाप, तव्यावरच होतं. कांदा-खोबरं भाजून कोरडं वाटण करून दिलं म्हणजे तिथे धूर करायची गरज नाही. आईने आणलेला तुपाचा डबा आणि पेढे त्यांनी सरळ बाजूला काढून ठेवले, कारण युरोपात बाहेरून येताना दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस सोबत नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. ताज्या कढीपत्त्यालाही नको म्हणाल्या, ताज्या पाल्याला तिकडे सर्टिफिकेट लागतं, त्याऐवजी वाळवलेला दिला. आई जरा नाराज झाली पण गप्प बसली.

पॅकिंगची पद्धत मला फार आवडली. मसाला आणि पिठं व्हॅक्यूम पॅक, पण शेव व्हॅक्यूम करत नाहीत कारण तिचा चुरा होतो, ती कडक डब्यात. शेवेच्या एका डब्यावर लिहिलेलं "भाजीची", दुसऱ्यावर "खायची". प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव आणि आत काय काय आहे ते छापलेलं, आणि खाली काकूंच्या हाताने मराठीत प्रमाण, म्हणजे "एका माणसाच्या शेवभाजीला १ चमचा, २ नको". बॅगेची लिमिट २३ किलो होती, त्यातले ६ किलो काकूंचे. बिल १८५० रुपये झालं, माझ्या मते एवढ्या सामानाला रास्त आहे.

आता खरं कामाचं. मी २ ऑक्टोबरला रात्री पोचले आणि दुसऱ्या दिवशी ३ तारखेला जर्मन एकीकरणाची सुट्टी, जवळपासची सगळी सुपरमार्केटं बंद. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. घरी त्या दिवशी घटस्थापना, आई व्हिडिओ कॉलवर घट दाखवतेय आणि माझ्या खोलीत फक्त एक पाण्याची बाटली. त्या दिवशी दोन्ही वेळा खायची शेव आणि मायक्रोवेव्हमध्ये फुलवलेले बिबडे खाल्ले. रविवारी पण तिकडे बहुतेक दुकानं बंदच असतात, त्यामुळे जाणाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांचं खाणं हँडबॅगेत ठेवा, आल्या आल्या चेक-इनची बॅग उपसायची ताकद नसते.

पहिले दोन आठवडे मी किचनमध्ये थांबायचेच नाही. सांगायला वाईट वाटतं पण खरं आहे, सगळे जर्मनमध्ये बोलत असायचे, मी दार उघडलं की हॅलो म्हणायचे आणि परत त्यांचं सुरू, मग मी डबा घेऊन खोलीत. लेक्चर सकाळी साडेसातला सुरू, दीड तास सलग, संपलं की सगळी पोरं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात, पहिल्यांदा मला कळलंच नाही काय चाललंय. दुपारी मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये जेवायचं, तिथलं विद्यार्थ्यांसाठी स्वस्त असतं, शाकाहारी पण मिळतं, पण पोट भरून सुद्धा जेवल्यासारखं वाटायचं नाही. संध्याकाळी खोलीत एकटी बसून आईला फोन करायचा तर भारतात साडेतीन तास पुढे, आई झोपायला आलेली.

मग एका शनिवारी शेवभाजी करायचीच असं ठरवून किचनमध्ये गेले. काकूंनी बजावलं होतं की तेल धूर येईपर्यंत तापवू नको, पण त्या शेगडीचा अंदाजच येत नाही, बंद केली तरी तापलेलीच राहते. मसाला तेलात पडला आणि सगळ्यांना ठसका, आणि वरचा स्मोक डिटेक्टर ओरडायला लागला. माझे हातपाय गार पडले. वाटलं आता फायर ब्रिगेड येणार आणि खर्च माझ्या नावावर. शेजारच्या खोलीतली तुर्कस्तानची मुलगी धावत आली, तिने आधी कढई शेगडीवरून उचलली, खिडकी उघडली आणि खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालून आवाज बंद केला. मी सॉरी सॉरी म्हणत होते आणि ती कढईत वाकून वास घेत होती. म्हणाली, हे काय आहे, मला पण दे. त्या रात्री आम्ही दोघींनी शेवभाजी ब्रेडसोबत खाल्ली, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी ती परत परत वाढून घेत होती. माझं ड्रेस्डेन त्या दिवसापासून सुरू झालं असं मी धरते.

तिच्याकडून कळलं की त्यांच्या घरी पण वांगं जाळावर भाजतात. मग ३० ऑक्टोबरला आम्ही दोघी तुर्की दुकानातून वांगी, हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात घेऊन आलो, कारण ३१ ला नरक चतुर्दशी आणि नेमकी त्याच दिवशी सॅक्सनी राज्यात (ड्रेस्डेन त्यातच येतं) रिफॉर्मेशन डे या प्रोटेस्टंट सणाची सुट्टी, म्हणजे दुकानं बंद. आपलं पांढरट हिरवं भरिताचं वांगं तिथे कुठून मिळणार, काळीच वांगी, बिया पण जास्त. ओव्हनमध्ये २२० वर पाऊण तास भाजली, साल काढली, लसूण-मिरची तव्यावर भाजून ठेचली, शेंगदाणे, पात, वरून काकूंच्या वाळलेल्या कढीपत्त्याची फोडणी, या वेळी तेल कमी तापवून. काड्यांच्या जाळावर भाजल्याचा तो वास नाही आला, हे कबूल करते, पण सोबत कळण्याचं थालीपीठ होतं आणि मजल्यावरची सहा जणं टेबलाभोवती बसली होती. आदल्या रविवारी, २७ तारखेला, तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती आणि फरक साडेचार तासांचा झाला होता, त्यामुळे आईला फोन लावला तेव्हा घरी रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, तरी ती जागी होती. तिने एकेकाची ताटं बघितली.

यानंतर किचन माझंच झालं. जर्मन मी क्लासपेक्षा तिथे जास्त शिकले, कांदा, मीठ, झाकण, पुसायचा फडका, ह्याच शब्दांपासून. ग्रुप प्रोजेक्टचा पार्टनर पण तिथेच मिळाला. म्हणून कोणी म्हणतं ना की तिकडे सगळं मिळतं, कशाला ओझं नेता, त्यांना मी सांगते, मिळतं, इंडियन स्टोअरमध्ये गरम मसाला मिळतो, पण आपला काळा मसाला मला नाही मिळाला, आणि स्वतःचं काहीतरी शिजवायला हातात असलं की माणूस खोलीबाहेर पडतो.

तक्रार एकच, पण मोठी. लोणच्याच्या बरणीचं झाकण प्रवासात तडकलं आणि तेल माझ्या एकुलत्या एक जाड स्वेटरवर. तीन वेळा मशीनला लावला तरी हिंगाचा वास गेला नाही, आणि नवा घ्यायला पैसे गेले ते वेगळे. काकूंना परत आल्यावर सांगितलं तर त्यांनी लगेच मान्य केलं, आता लोणचं जाड पाऊचमध्ये डबल सील करून देतात, मी स्वतः बघितलं. तरी माझं मत, लोणचं नेऊच नका, त्याऐवजी कोरडी शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो जास्त घ्या. ती मला जानेवारीतच संपली आणि परीक्षा फेब्रुवारीत होत्या.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा स्वेटरचा.

ऑर्डर किमान आठ दिवस आधी द्या, मसाला त्या सांगितल्यावरच कुटतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गर्दी असते. दुपारी १ ते ४ बंद. फोन फारसा उचलत नाहीत, सरळ जा, आणि जाताना होस्टेलच्या किचनचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार आहे.