साखरेवर कर की पाकिटावर काळा शिक्का?

लठ्ठपणा आटोक्यात आणायला सरकारं हल्ली दोन उपाय पुढे करतात: गोड पेयांवर कर, नाहीतर पाकिटावर ठळक इशारा.

करात ब्रिटनची आखणी मला चलाख वाटते. घोषणा २०१६ साली, अंमल एप्रिल २०१८ पासून. सुरुवातीचे दर असे: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखर झाली की लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमला २४ पेन्स, आणि ५ च्या खाली काहीच नाही. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी गुपचूप साखर उतरवली. पिणाऱ्याने सवय बदलली नाही, तरी पोटात साखर कमी गेली! मेक्सिकोने २०१४ मध्ये सरसकट लिटरला एक पेसो लावला. खप घटला, पण साखर थोडी असो वा जास्त, कर तोच, मग कंपनी पाककृती कशाला बदलेल? शिवाय असा कर गरिबाच्या खिशाला जास्त चावतो, हेही खरंच.

चिलीने २०१६ मध्ये दुसरी वाट धरली. साखर, मीठ, संपृक्त चरबी, उष्मांक यांपैकी जे जास्त, त्याचा काळा अष्टकोन पाकिटाच्या दर्शनी बाजूला. एकेका पाकिटावर चार-चार! त्या खाद्यांवर मुलांना भुलवणारी कार्टून चित्रंही बंद, शाळेत विक्रीही बंद. मागच्या बाजूचा मुंगीच्या अक्षरातला तक्ता दुकानात उभ्याने कोण वाचतो? अष्टकोन लहान पोरालाही कळतो.

पेयांपुरता माझा कौल टप्प्यांच्या कराला. बिस्किटं, वेफर्स, तयार नाश्ता यांना मात्र शिक्काच बरा.